दोराला हात

"मालकानं रापणीचा दोर ओढायचा? आणि तोही गिऱ्हाइकांच्या समोर? लोक काय म्हणतील, आई?"

"लोक म्हनतील, मोगवीर कोळ्याचं पोर हाय. दुसरं काय म्हनतील?"

"मी नऊ वर्षं दुबईत काढली ती दोर ओढायला नव्हे."

"मग कशापायी काढलीस? बशा ढकलायला?"

मला असं हसू फुटलं की विळीवरचं बोट थोडक्यात वाचलं. आमचा यतीश दुबईच्या मोठ्या हॉटेलात होता हे खरं, पण तिथं तो चाकाच्या गाडीवरून उष्ट्या बशाच नेत होता, हेही तितकंच खरं. गावात मात्र अशा थाटात परतला, जणू तिथला शेख याला विचारल्याशिवाय घास घेत नव्हता.

मी जलजा. यतीशच्या आईची, अप्पक्काची, मावसबहीण. तिच्या हॉटेलात मासे साफ करते, मसाला वाटते, याला तीस वर्षं झाली. माझी चूल वेगळी, घर वेगळं, तेव्हा तोंड उघडायला मला कुणाची चोरी नाही.

हॉटेल म्हणजे काय, आमच्या पडुबैल गावच्या वाळूवर कौलाचं छप्पर, सहा बाकडी, केळीचं पान, उकडा भात, चिंच-मिरचीचा लालभडक रस्सा आणि तव्यावरचा मासा. उडुपीहून, मणिपालहून माणसं गाड्या घेऊन यायची ती त्या माशासाठी. आणि मासा कुठला? समोरच्या रापणीचा, किनाऱ्यावरनं दोरानं ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याचा. सकाळी पाण्यात, दुपारी पानात.

आमच्याकडं रापण कुणा एकाची नाही, सगळ्या किनाऱ्याची. घरटी एक हात दोराला लागायचा. बाई असो, बाप्या असो. जाळ्याची पिशवी वाळूला टेकेपर्यंत ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. हात नाही, वाटा नाही. आणि ज्याचा हात असतो त्यालाच शेजाऱ्यांच्या वाट्यातला मासा आधी विकत मिळतो. व्यापाऱ्याची गाडी मागनं. अप्पक्काचं हॉटेल चाळीस वर्षं चाललं ते या एका हातावर. पहाटे पदर खोचून ती दोराला असायची आणि ऊन चढलं की तव्यापाशी. यंदाच्या पावसाळ्यात तिचे गुडघे गेले, आणि तेवढ्यात लेक परत आला. आम्ही म्हटलं, चला, दर्याच्या बोब्बर्य देवानं ऐकलं.

कसलं ऐकलं! आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला आणि बिळालाच रंग द्यायला लागला. बाकडी गेली, काचेची टेबलं आली. दारावर पाटी चढली, 'सागरसम्राट सी-फूड पॅलेस'. सहा बाकड्यांचा पॅलेस! केळीचं पान गेलं, चौकोनी बशी आली. तिच्यात मासा इतका एकटा पडायचा की बघून वाईट वाटावं. अप्पक्काला नवी जरीची साडी नेसवून दारात खुर्चीवर बसवली. का, तर येणाऱ्याला हात जोडायला. म्हणे हा कॉन्सेप्ट आहे. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला असं सजवून दारात बसवतात ते फक्त एकदाच, आणि तेव्हा त्याला उठून चालता येत नसतं.

दोराला हात नाही, म्हणून रापणीचा मासा नाही. मग शहरातून बर्फाच्या गाडीतनं सुरमई यायला लागली. दगड नुसता! कोयता मारला तर कोयता उसळावा. अप्पक्कानं तव्याला हात लावायचं सोडलं.

"मेलेल्याला दोनदा मारायचं काम मी करत न्हाई," म्हणाली.

मणिपालचे एक डॉक्टर वीस वर्षं दर रविवारी यायचे. त्यांनी दोन घास खाल्ले, बशी सारली आणि अप्पक्काला न बघता निघून गेले. ते बिचारीला फार लागलं. त्यातच रापणीचे गुरिकार दूमप्प दारात येऊन उभे राहिले. गुरिकार म्हणजे आमच्या किनाऱ्याचा कर्ता माणूस. वाळवलेल्या बोंबलासारखा अंगानं, पण शब्द मोडायची कुणाची टाप नाही.

"अप्पक्का, नाताळापातूर वाट बगतो. तवर तुज्या घराचा हात आला तर आला. न्हाईतर तुज्या घराचं नाव रापणीतनं काढावं लागंल. रीत हाय, मी काय करू?"

ते गेल्यावर अप्पक्का जरीच्या पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "जलजे, माज्या आईनं धरला, मी धरला. आता माज्या डोळ्यांदेखत त्यो दोर सुटणार बग." मला इतका राग आला त्या यतीशचा, की हातातली सुरमई त्याच्या डोक्यात घालावी. गोठलेली होती, कामच झालं असतं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी मंगळूरच्या पेपरची बातमीदार पोरगी येणार होती. संगं कॅमेरावाला. यतीश आठ दिवस हवेत. त्यानं डोकं चालवलं आणि फळा लिहून रस्त्यावर लावला: 'रापण ओढण्याचा अनुभव घ्या. माणशी दोनशे रुपये.' म्हणजे मालकाला ज्याची लाज, ते गिऱ्हाइकानं पैसे देऊन करायचं! आणि पाहुण्यांचे हात ते आपलेच हात असं धरून, जाळं वर आलं की सगळा मासा कॅमेऱ्यासमोर हा विकत घेणार, आणि त्याच गिऱ्हाइकांना तळून सहाशेला घालणार. बेत असा बांधला होता की मला पण क्षणभर वाटलं, पोरगं खरंच शेखाकडं शिकून आलंय.

आदल्या दिवशी तो दूमप्पांना विचारायला गेला. मी तिथंच तिसऱ्यांच्या शिंपल्या निवडत बसले होते.

"अण्णा, उद्या माझे पाहुणे जरा दोराला हात लावतील. चालेल ना?"

"चालंल की. दोर काय माज्या बापाचा हाय? कितीजण हायत?"

"चाळीसेक."

"चाळीस!" दूमप्पांनी पानाची पिंक टाकली आणि माझ्याकडं बघितलं. "पर रीत म्हाईत हाय न्हवं तुला?"

"माहीत आहे हो, माहीत आहे," यतीश फोनमध्ये बघत म्हणाला.

"मग झालं. आमी कशाला अडवतोय?"

मी खाली मान घालून तिसऱ्या निवडत राहिले. तोंड उघडलं नाही. एरवी मिटत नाही, त्या दिवशी उघडलं नाही.

रविवारी पहाटे खारं वारं पडलेलं, समुद्र कसा तेल ओतल्यागत. वाळू गार. होडी गोल फिरून जाळं टाकून आली आणि दोराची दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली. पाहुणे आले. हुबळीचा बँकवाला, त्याची बायको, शिमोग्याचं मोठं कुटुंब, कॉलेजची पोरं, चष्मेवाले, टोपीवाले. सगळ्यांनी चपला काढल्या आणि आमच्या माणसांच्या मधमधे घुसून दोर धरला. ओढायचं सोडा, निम्मे दोराला लोंबकळतच होते. पण हात होता. दूमप्प एकेकाला बघत बघत मागं गेले आणि पुढं आले.

आणि आमचे सागरसम्राट? पांढरी पॅन्ट, काळा चष्मा, हातात माईक. दोरापासून दहा पावलं लांब, वाळू बुटात जाऊ नये म्हणून फळीवर उभे. "आमच्या पॅलेसची ही परंपरा..." असं काहीतरी चाललेलं. परंपरा म्हणे! परंपरा त्याच्या पुढ्यातनं सरपटत वर येत होती आणि हा तिच्याकडं पाठ करून कॅमेऱ्याला दात दाखवत होता.

दोन तासांनी जाळ्याची पिशवी वाळूला टेकली. अगं बाई, काय मासा! बांगडाच बांगडा, मधे मुडदुशा, थोड्या कोळंब्या. सगळं चकाकत तडफडत होतं. पाहुणे ओरडायला लागले, पोरं नाचायला लागली.

दूमप्पांनी वाळूवर वाटे घालायला सुरुवात केली. एक वाटा, दोन वाटे, तीन. घरटी वाटे संपले तरी थांबेनात. बँकवाल्याच्या पायाशी एक वाटा पडला.

"हे काय?" तो दचकला.

"तुमचा वाटा, साहेब."

"माझा? विकत?"

"विकत कशाला? हात हुता न्हवं तुमचा? मग मासा तुमचा."

शिमोग्याच्या म्हातारीनं दोराला नुसतं बोट लावलं होतं; तिलाही वाटा. म्हातारीनं तो पदरात घेतला आणि दूमप्पांना वाकून नमस्कार केला. बघता बघता चाळीस पाहुण्यांपुढं चाळीस वाटे पडले आणि जाळं रिकामं झालं.

यतीश फळीवरनं उडी मारून धावत आला. बुटात वाळू गेली, पण आता कुणाला भान!

"अण्णा! अहो, ही गिऱ्हाइकं आहेत माझी! ही घरी मासा न्यायला आलेली नाहीत!"

"म्हनूनच इचारलं, रीत म्हाईत हाय का. तू म्हनलास, हाय."

"बरं, मग आमच्या हॉटेलचा वाटा तरी द्या."

"हात कुठं हुता तुजा?"

"मी... मी माईकवर होतो."

"मग माईकला इचार, काय आनलं त्येनं."

वाळूवर जो हशा पिकला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. इथं तर हात न दाखवून.

पुढं आणखी मजा. पाहुणे आपापले मासे घेऊन वाजतगाजत पॅलेसात शिरले. "आमचा मासा आम्हाला तळून द्या." यतीशनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. दुबईहून मनात भरून आणलेली पाटी: 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.'

"बाहेरचा?" बँकवाला तापला. "अहो, तुमच्या दारातनं आलाय! दोनशे रुपये देऊन ओढलाय मी!"

"आमच्याकडे सुरमई आहे ना साहेब, फर्स्ट क्लास सुरमई..."

सुरमई कुणी विचारेना. म्हातारी म्हणाली, चला रे, घरी जाऊन तळू. माणसं दाराकडं वळायला लागली. बातमीदार पोरगी सगळं लिहून घेत होती, कॅमेरा फिरत होता. पेपरात काय येणार ते आंधळ्यालाही दिसत होतं. यतीशचा चेहरा असा झाला, की त्याच्यापेक्षा बर्फातली सुरमई जिवंत वाटावी.

तेव्हा अप्पक्का खुर्चीवरनं उठली. गुडघे करकर वाजले. जरीचा पदर कमरेला खोचला.

"जलजे, विळी आन. बसा रे समद्यांनी. मासा तुमचा, मसाला माजा. चाळीस माणसं आली आन् उपाशी गेली, असं या दारात कवा झालं न्हाई."

आणि ती तव्यापाशी बसली. चार महिन्यांनी! मी मासे साफ करून करून हात सुजवले. खोबरेलात मिरची पडली आणि तो वास वाळूभर गेला. केळीची पानं शेजारच्यांनी परसातनं तोडून दिली. लोक वाळूवर मांडी घालून बसले आणि बोटं चाटत जेवले. बँकवाल्यानं आपल्या वाट्यातला अर्धा मासा दूमप्पांच्या पानात वाढला. यतीश भात वाढत फिरत होता. पांढऱ्या पॅन्टवर रस्सा सांडला तरी त्याला कळलं नाही.

जेवण झाल्यावर बातमीदार पोरगी वही घेऊन आमच्यापाशी आली. "आजी, तुमच्या घरातून रोज दोराला कोण असतं?"

अप्पक्काचा हात तव्यावर थांबला. खोटं ती बोलायची नाही, आणि खरं बोलायची लाज. यतीश पातेलं धरून उभा, मान खाली. समोर दूमप्प दात कोरत बसलेले.

मी म्हटलं, "ह्योच की! यतीश. रोज पहाटं. मालक आसून सगळ्यांच्या आधी दोराला हात त्येचा. आज तुमच्यासाठी माईक धरला म्हनून ऱ्हायलं."

"खरंच?" पोरीचे डोळे चमकले.

"खरं-खोटं गुरिकारांना इचारा."

दूमप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग यतीशकडं. दात कोरायची काडी फेकली.

"जलजक्का सांगती तसंच," म्हणाले. "उद्या पहाटं कुनीबी येऊन बगावं."

मी काही त्याच्या कळवळ्यानं नाही बोलले. त्या पोराची अब्रू राहावी म्हणून तर मुळीच नाही. मला तो दोराला बांधलेला हवा होता, आणि रीतीला बांधता येईना, आईला बांधता येईना, म्हणून पेपरनं बांधला.

मंगळवारी बातमी आली, अर्धं पान. 'पाहुण्यांना वाटेकरी करणारा दर्यावरचा मालक. पहाटे स्वतः दोर ओढतो, दुपारी वाढतो.' आणि भात वाढतानाचा फोटो. यतीशनं पेपर दहा वेळा वाचला. बुधवारी पहाटे वाळूवर तीन गाड्या उभ्या. माणसं फोन धरून तयार: मालक कुठाय, मालक कुठाय?

दूमप्पांनी खालनं हाक मारली, "या यजमान! पेपरात आलंय म्हनं तुमचं!"

यतीश पॅन्ट दुमडून उतरला. करतो काय! पहिल्या दिवशी हातांना फोड, दुसऱ्या दिवशी फोड फुटले, तिसऱ्या दिवशी खारं पाणी त्यात गेलं आणि गडी लहान पोरासारखा कळवळला. पण गाड्या रोज येत होत्या, आणि सुटका नव्हती. नाताळाच्या सकाळी वाळूवर अप्पक्काच्या घराचा वाटा पडला. ती दारात उभी राहून बघत होती. तिनं माझा खांदा दाबून धरला.

परवा टीव्हीवाले आले. यतीश दोर खांद्यावर टाकून त्यांच्यासमोर उभा, आणि तोंड पुन्हा सुटलेलं. "आमच्या घराण्यात मालकानेच दोर धरायचा. हे मला आईनं लहानपणापासून शिकवलंय."

अप्पक्का तव्यापाशी होती. तिथनं खणखणीत म्हणाली, "शिकवलं हुतं. शिकलं न्हवतं. आता शिकतंय."

"अक्का, हळू बोल गं," मी म्हटलं. "समदं टीव्हीवर जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि बांगडा उलटला.