फाटकाची कडी

"एवढंच सांग, उद्या मी मेलो तर आमच्या घरचं मांजर जेवण सोडेल का?" मिस्त्रीने शिलाई मशीनचं चाक फिरवत विचारलं.

"नाही सोडणार. पण तुझं कुत्रं गेलं तेव्हा तू तरी कुठे सोडलंस?" शेजारचा शिंपी म्हणाला. "हे बघ, कुत्र्याच्या माणसाला हाक मारली की समोरून ओ लागते. मांजराच्या माणसाला हाकच लागत नाही. तू पहिल्यातला, वहिनी दुसऱ्यातल्या. इतकी वर्षं एका छपराखाली टिकलात हेच नवल!"

मिस्त्री हसला, पण बोलणं त्याला लागलं. तो बोलघेवडा माणूस. दुरुस्तीला आलेल्या मशीनशीसुद्धा बोलायचा. बायको मात्र मांडीवर मांजर घेऊन अख्खी संध्याकाळ मुकाट बसायची, आणि त्या मांजराला तिने साधं नावही ठेवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तो कामावरून आला आणि ती दारात आली, असं एकदाही घडलं नव्हतं. नव्या नवलाईत त्याने एकदा बोलून दाखवलं होतं, तर म्हणाली, "दारात यायला तुम्ही काय पाहुणे आहात?"

मग त्याने कुत्रे पाळले, एकामागून एक. शेवटचा ढोल्या. फाटकाची कडी दोनदा वाजवली की ढोल्या घर डोक्यावर घेत धावत यायचा. आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, एवढं सुख मिस्त्रीला दिवसभराच्या कामाला पुरायचं. तो ढोल्या गेल्या आठवड्यात म्हातारपणाने गेला. बायकोने टिपूस गाळलं नाही. त्याचं भांडं घासून फळीवर पालथं घातलं, बस्स. मिस्त्रीच्या मनात ते सलत होतं.

ढोल्या गेल्यानंतर आज तो पहिल्यांदाच कामावर आला होता. संध्याकाळी परतला तेव्हा कडीवर गेलेला हात थांबला. कडी वाजेल आणि कुणीच येणार नाही, हे त्याला सोसवेना. चोरासारखा हळूच कडी काढून तो आत शिरला, बूट काढले, स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

बायको पाठमोरी बसली होती. मांडीवर मांजर, शेगडीवर चहाचं भांडं, त्यात पाणी मोजून घातलेलं. शेगडी पेटलेली नव्हती. काडेपेटी तिच्या हातातच होती.

"अगं," तो म्हणाला.

ती एवढी दचकली की मांजर उडी मारून पळालं. "अहो, कधी आलात? कडी कशी वाजली नाही?"

"हळूच उघडली."

"मग चहा कसा होणार? कडी वाजली की मी पेटवते. तुम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत उकळतो."

"रोज?"

"मग काय! तुमच्या येण्याला कधी वेळेचं बंधन होतं का? कान देऊनच बसावं लागतं. त्यात त्या मेल्याच्या भुंकण्यात कधी कधी कडी..." ती थांबली. पदराने नाक पुसून शेगडीकडे वळली.

मिस्त्री दाराला टेकून उभा राहिला. कधी दिवेलागणीला, तर कधी जेवणं उरकायच्या वेळेला तो यायचा, आणि चहा कायम समोर यायचा, वाफाळता. तो कसा येतो, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त बरं वाटलं.

"आलं घाल थोडं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कडी दोनदा वाजवली, जरा जोरातच. धावत कुणी आलं नाही. पायरीवर बसून तो बुटाची नाडी सोडू लागला. आतून काडी ओढल्याचा आवाज आला.