जसोदाबाईची चिठ्ठी

जसोदाबाईला स्वतःचं मत स्वतःच्या हातानं टाकायचं होतं. बास, एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीनं एकसष्ट साली प्रकाशा नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यातल्या सोसायटीत जो धुरळा उडाला, तो काही विचारू नका!

देवीत डोळे गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. नवरा वारल्यावर शेत तिच्या नावावर झालं, म्हणून ती सोसायटीची सभासद. मागच्या दोन्ही निवडणुकांना पुतण्या रतिलाल तिच्याबरोबर पडद्याआड गेला, तिच्या हातातली चिठ्ठी त्यानंच घेऊन डब्यात टाकली आणि तू कोणाला मत दिलंस हे तिलाच सांगितलं. यंदा रतिलाल स्वतःच चेअरमनकीला उभा, समोर बन्सीलाल. जसोदाबाई सेक्रेटरी चुनीलालकडे गेली.

"भाऊ, यंदा मी एकलीच पडदामझार जासू."

चुनीलाल हुशार माणूस. आणि हुशार माणसाला मेलं कोणाला काही विचारायचं सुचत नाही! मतपेट्या म्हणून रॉकेलचे दोन रिकामे डबे ठेवायचे होते; रतिलालच्या डब्यावर बैलगाडीचं चित्र, बन्सीलालच्या डब्यावर समईचं. आंधळीला चित्रांचा काय उपयोग? त्यानं खळ केली आणि रतिलालच्या डब्यावर सरकी चिकटवली, बन्सीलालच्या डब्यावर गहू. हात फिरवला की कळलंच. जसोदाबाईला त्यानं तसं सांगून ठेवलं आणि दोन दिवस छाती काढून गावात फिरला.

मतदानाच्या दिवशी जसोदाबाई सकाळीच सोसायटीच्या ओट्यावर येऊन बसली. धुडकू नावाचा एक सभासद मत टाकून पडद्याआडून बाहेर आला.

"गहूले पाठ कशी दावू, भाऊ? मी हात जोडात नि त्याच डबामा टाकं!"

सगळे हसले. पण मागून आत जाणारेही बाहेर येऊन तेच सांगू लागले. अन्नाच्या डब्याला नमस्कार, मग त्यातच चिठ्ठी. आता रतिलाल बोंब मारणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"हाई काय चाली ऱ्हायनं?" रतिलाल ओरडलाच. "त्याना डबावर लक्ष्मी, नि मन्हा डबावर ढोरंसनं खाणं?"

चुनीलालनं झालेल्या नऊ चिठ्ठ्या सर्वांसमोर फाडल्या, डबे खरवडून साफ केले, आणि मतदान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग तो ओट्यापाशी आला.

"बाई, आता इलाज नाही. रतिलालच येईल तुमच्याबरोबर."

जसोदाबाईला भलताच संताप आला. चूक यांच्या खळीची, आणि मत जाणार तिचं!

"दोनच डबा शेतस ना?" ती उभी राहिली. "मंग जेवाना हाते कोन्ता नि डावा हाते कोन्ता, ते बठ्ठासना देखत मोठ्यानी सांगा. दोन्ही गडीसनी सांगा. बस."

चुनीलाल म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हीनी ईचारं नही."

रतिलाल कुरकुरला, पण बन्सीलालनं लगेच हाक दिली, "मन्हा जेवाना हाते!" मग रतिलाललाही गावासमोर ओरडावं लागलं, "डावा हाते मन्हा!"

जसोदाबाई पडदा चाचपत एकटी आत गेली. दोन्ही डब्यांना हात लावून पाहिला. पत्रा अजून चिकट होता. बाहेर कोणी खोकलं, कोणी आवाज चढवून बोललं, पण आत तिला कोणी घाई करणारं नव्हतं. तिनं चिठ्ठीची घडी नीट केली. तिला फार बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात तिनं अंमळ जास्तच वेळ लावला. मग फट बोटानं शोधून चिठ्ठी सोडली.

बाहेर आल्यावर रतिलालनं तिचा हात धरला आणि तिला बाजूला नेलं. त्याचा तळवा घामानं ओला झाला होता.

"काकी," तो हळूच म्हणाला, "कोनले टाकं?"

इतक्या वर्षांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं. जसोदाबाईला असं हसू फुटलं, की तोंडाला पदर लावावा लागला.

"ते माले ठाऊक शे," ती म्हणाली.