रंग पास, चमक नापास

"घरी गेल्यावर कपड्याचं काय होतं ते आपण मोजत नाही, एवढं लक्षात ठेव," आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम मला सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. आमच्याकडे रस्त्यावर काम करणाऱ्यांची जॅकेटं येतात, तीही नवी कोरी. एक यंत्र कापडाचा रंग मोजतं. दुसरं त्यावरच्या चंदेरी पट्ट्यांची चमक मोजतं, म्हणजे गाडीचा दिवा पडला की त्यातला किती उजेड चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत येतो ते. जुनं कशाला कोण पाठवेल?

माझे सासरे शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देतात. त्यांचं पिवळं जॅकेट सासूबाई रोज ब्रशने खसाखसा घासायच्या, वर कडक इस्त्री.

"लांबून पोपट दिसतो मी," बाबा म्हणायचे.

"पोपट हिरवा असतो," सासूबाई म्हणायच्या.

एका संध्याकाळी दिवे गेले. लेक टॉर्च नाकाशी धरून घरभर फिरत होती. खुंटीवरच्या तिच्या दप्तराची पट्टी लख्ख पेटली. शेजारच्या जॅकेटच्या पट्ट्या मात्र राखेसारख्या.

"आई, आजोबांच्या पट्ट्या झोपल्यात."

धुक्याच्या सकाळी, गाड्यांसमोर हात आडवा करून उभे असतात ते.

दुसऱ्या दिवशी जॅकेट कामावर नेलं. रंग पास, अगदी ऐटीत. चमक जवळपास शून्य. मॅडमनी पट्टी भिंगाखाली धरली.

"काचेचे बारीक मणी असतात ना, ते पार घासून गेलेत. एवढी इस्त्री कोण करतं?"

"सासूबाई."

"मग तू काही बोलू नकोस. मीही बोलत नाही."

मी बोलले नाही. येताना बाबांसाठी नवं जॅकेट आणलं, जुनं दाराशी अडकवलं. सकाळी गुपचूप कापून टाकायचं, असं मनाशी ठरवलं होतं. सकाळी खुंटी रिकामी.

"अगं, दिलं एकाला," बाबा म्हणाले. "दारात सायकलची चेन बसवत होता. काळा शर्ट, अंधारात कुणाला दिसणार? म्हटलं, घे, चांगलं आहे अजून."

"कोण होता? नाव काय त्याचं?"

"नाव विचारून कुणी कपडे देतं का? खूश झाला बिचारा. म्हणाला, आता मोठ्या रस्त्याने बिनधास्त जातो. आधी गल्लीबोळातून जायचा."

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळी त्या चप्पल घालून माझ्याबरोबर नाक्यावर आल्या. सायकली गेल्या पुष्कळ, तो काही दिसला नाही. आम्ही रोज जातो. लेक टॉर्च घेऊन येते.

पिवळं जॅकेट, डाव्या खिशाला निळ्या दोऱ्याचे टाके. तुमच्या रस्त्याने गेला तर त्याला थांबवा. पट्ट्या मेल्यात म्हणावं, कडेने जा. आणि नीट घरी पोचतो ना, तेवढं बघा.