मिशीवाला कंद

सुट्टीच्या जेवणाला टेबलावर विकतची फुलं नकोत, घरी उगवलेलीच हवीत, हे खूळ आत्याचं. ती रोपवाटिकेत कामाला, तिच्या डोक्यात दुसरं काय येणार? महिनाभरापूर्वी तिने दोघी भाच्यांना सात कंद आणून दिले. काचेच्या पसरट भांड्यात खडे आणि पाणी घालून तिघींनी ते ओळीने बसवले. पोरींनी स्केचपेनने प्रत्येकाच्या सालीवर डोळे काढले. धाकटीच्या कंदाला वर मिशीही मिळाली.

"दिसायला कांदे, पण कांदे नाहीत हं," आत्याने बजावलं. "विषारी असतात. तोंडात घालायचे नाहीत."

पोरींना तिने तीन-तीनदा सांगितलं. तिच्या बाबांना, म्हणजे पोरींच्या आजोबांना, सांगायचं राहून गेलं. घरातला स्वयंपाक बाबांकडे आणि स्वयंपाकघरात बाबांना शिकवायला जायची कोणाची छाती नव्हती.

सहा कंदांना कोंब फुटले, मिशीवाला मात्र ढिम्म. आत्या तो टाकून द्यायला निघाली, तर धाकटीने घर डोक्यावर घेतलं. "बरं बाई, याला थंडी हवी असेल," म्हणत आत्याने तो कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला. कामावर कंद फ्रिजमध्येच असतात, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी गप्प झाली आणि आत्या विसरून गेली.

आज दुपारी पाहुणे यायचे होते. सहाही कंद असे फुलले होते की बघत राहावं. थोरली भांडं टेबलाच्या मधोमध सरकवत म्हणाली, "आत्या, मिशीवाल्यालाही आणूया."

आत्याने हसत कप्पा उघडला. कागद तिथेच होता, नीट घडी घातलेला. आत काहीच नव्हतं.

ती शेगडीपाशी उभ्या बाबांकडे वळली. "बाबा, यात एक कांदा होता..."

"तो होय? घरातले संपले होते, बरा सापडला. भलताच चिकट निघाला मेला, हाताला खाज सुटली बघ." बाबा मनगट खाजवत होते. शेगडीवर सूप रटरटत होतं.

आत्याने कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. टरफलांत एका सालीवर वाकडी मिशी होती. तिने गॅस बंद केला आणि पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं. बाबा "अगं, अगं" करत राहिले. टेबलावरच्या वाट्या अजून उपड्याच होत्या. थोडक्यात निभावलं, असं म्हणत ती खुर्चीत मटकन बसली.

तेवढ्यात बाल्कनीतून धाकटी आली. तिच्या हातात वाटी होती, चाटूनपुसून लख्ख केलेली.

"आजोबांनी मघाशीच मला चाखायला दिलं," ती म्हणाली. "कडू होतं गं. पण मी सगळं संपवलं. तूच म्हणतेस ना, पानात टाकायचं नाही."

पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"आता मळमळतंय मला."

आत्याने तिला उचललं, डॉक्टरांना दाखवायला सालीचा तुकडा मुठीत घेतला आणि अनवाणीच जिना उतरू लागली. मागून बाबा काय झालं, काय झालं, विचारत होते. त्यांना काय सांगणार? दोष तिचा होता.

दुसऱ्या मजल्यावर धाकटीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आत्या, मिशीवाल्याला कोंब आला का गं?"