साडेपाचची कुरुंदवाड गाडी

सराव सामना पिवळ्या संघानं तीन-दोन असा जिंकला आणि कॉलेजच्या मैदानावर बऱ्याच दिवसांनी टाळ्या वाजल्या. मार्चचं ऊन अजून उतरलं नव्हतं. शिरीषाच्या झाडाखाली पोरी पाय पसरून बसल्या, कुणी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत होत्या. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत निशिगंधा भारमल वही उघडून बसली. मुरगूडची ही शेतकऱ्याची लेक एके काळी विद्यापीठाकडून खेळली होती. आता सहा वर्षं याच कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवत होती.

अकरा दिवसांवर विभागीय स्पर्धा आली होती. आज आपल्याच पोरींचे दोन संघ करून तिनं त्यांना नव्वद मिनिटं पळवलं होतं. कोण कुठं कमी पडतंय, ते हे असं खेळवल्याशिवाय कळत नाही.

"डावी बाजू उघडी पडतीया," ती म्हणाली. "तीन वेळा तिथनंच आत आल्या. मधली फळी पहिला तासभर बरी, मग पाय ओढत चालतीया. पळायचा सराव वाढवणार हाय, तोंडं वाकडी करू नका. शिवांजली, तू गोल सोडून पुढं येतीस ते बरोबर, पण हात आधी, गुडघा नंतर."

शिवांजलीनं मान खाली घातली. पांढऱ्या संघाची ती गोलकीपर. सामन्याच्या दुसऱ्या भागात एक उंच चेंडू घ्यायला ती झेपावली, त्याच चेंडूला डोकं लावायला पिवळ्या संघाची पवित्राही उडाली, आणि शिवांजलीचा गुडघा पवित्राच्या कानाच्या वर बसला होता. पवित्रा काही क्षण गवतावर पडून राहिली. निशिगंधा पळत गेली, तोवर ती हसत उठलीसुद्धा. "किती?" निशिगंधानं बोटं दाखवली. "तीन," पवित्रा म्हणाली, आणि दहा मिनिटांत तिनं दोन पोरींना चकवून असा गोल मारला, की पायरीवर बसलेले संस्थेचे विजयसिंह दादा उभे राहिले.

"पवित्रा," निशिगंधानं वहीतून मान वर केली, "आज तुझ्याबद्दल बोलायला काय न्हाय. असंच खेळ."

"मॅडम," पवित्रानं विचारलं, "दुसरा गोल कुणी मारला?"

सगळ्या खो-खो हसल्या. पवित्रा मुळातच चेष्टेखोर. निशिगंधाही हसली आणि पुढच्या नावाकडं वळली. पाचेक मिनिटं गेली असतील. मधल्या फळीबद्दल बोलणं चाललं होतं.

"मॅडम, दुसरा गोल कुणी मारला?"

तोच सूर, तेच शब्द. आता दोघी-तिघीच हसल्या. शिवांजली हसली नाही. निशिगंधानं पवित्राकडं नीट पाहिलं. पोरगी नेहमीसारखीच दिसत होती. फक्त उन्हाकडं पाठ करून बसली होती आणि बुटाची नाडी उगाच बोटांना गुंडाळत होती.

"तूच की," निशिगंधा म्हणाली. "बरं वाटतंय न्हवं?"

"व्हय की मॅडम. मला काय झालंय?"

विजयसिंह दादा उतरून आले. संस्थेच्या क्रीडा समितीचे ते अध्यक्ष. मुलींचा संघ तीन वर्षं पहिल्याच फेरीत घरी येतोय, म्हणून यंदा काही झालं नाही तर संघ बंद, असं त्यांनी दिवाळीनंतर स्वच्छ सांगितलं होतं.

"वा मॅडम! यंदा जमतंय," ते म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत यादी पाठवा. ही पोरगी पहिलं नाव."

"तिला जरा लागलंय, दादा. डॉक्टरला दाखवून मग नाव घालते."

"कुठं लागलंय? टेंगूळ आलंय? रक्त आलंय?" दादांनी पवित्राकडं पाहिलं. "काय गं, खेळणार न्हवं?"

"खेळणार की!" पवित्रा पटकन उठली. उठताना तिनं शिवांजलीच्या खांद्याचा आधार घेतला. ते निशिगंधानं पाहिलं. नव्वद मिनिटं पळाल्यावर कुणीही आधार घेतं, असं तिनं मनाशी म्हटलं.

"मॅडम, मी जातो," पवित्रा म्हणाली. "साडेपाचची कुरुंदवाड चुकली की आप्पा ओरडतोय."

कुरुंदवाडजवळच्या एका गावातून ती रोज येऊन-जाऊन करायची. पुरते दीड तास जायचे. आज थांब, डॉक्टरकडं जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण दादा शेजारी उभे होते, वहीतलं यादीचं पान भरत आलं होतं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या पानाकडं बघून निशिगंधाला भीती वाटली नव्हती.

"शिवांजली, तिला स्टँडवर सोड. गाडीत बसवून ये," ती म्हणाली. आणि दोघी गेल्यावर तिनं यादीत पहिलं नाव लिहिलं.

मैदान रिकामं झालं. मैदानाची देखभाल करणारा केरबा पोरींनी सदऱ्यावरून घातलेले पिवळे-पांढरे बिब गोळा करत फिरत होता. गोळा करता करता तो निशिगंधापाशी येऊन उभा राहिला.

"काय केरबामामा?"

"बाई, ती कुरुंदवाडची पोरगी..." त्यानं मान खाजवली. "मगा माझ्याकडं आली. मामा, स्टँडला कुठनं जायचं, म्हनली. मला वाटलं चेष्टा करतीया. तर ती मागच्या भिंतीकडं चालाय लागली. तिकडं वाटच न्हाय. दुसरीनं हाताला धरून वळवली. तीन वर्षं जातीया की वो ती त्याच वाटंनं!"

निशिगंधाच्या हातातलं पेन थांबलं.

तिनं पवित्राला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मग शिवांजलीला लावला.

"बसवली मॅडम. गाडी येळंवर सुटली. खिडकीला बसलीया."

"काय बोलली का ती?"

पलीकडं हुंदका ऐकू आला.

"शिवांजली!"

"डोकं लई दुखतंय म्हनली. उलटी येतीया म्हनली. मॅडमला सांगू नको, यादीतनं नाव जाईल, म्हनली." पोरीचा आवाज फुटला. "मी सांगायला पायजे हुतं, मॅडम. गुडघा माझाच हुता."

घड्याळात पावणेसहा झाले होते. निशिगंधानं वही तिथंच टाकली आणि स्कूटीला किल्ली लावली.

शिरोलीच्या नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एरवी शिव्या घातल्या असत्या, पण आज ती त्या ट्रॉल्यांना दुवा देत होती. एस्टीही यातच अडकली असणार. तिनं दोन ट्रॉल्यांमधून गाडी काढली. एकजण ओरडला, "ओ बाई, मरायचंय काय?" पुढं रस्ता मोकळा झाला तशी तिला लाल एस्टी दिसली. जवळ जाऊन पाटी वाचली, तर इचलकरंजी. पुढं आणखी एक दिसली. ती सांगलीची. दिवस कलत होता. शेतातून उसाचं वाळलेलं पाचट जाळल्याचा धूर रस्त्यावर येत होता, आणि त्या धुरात पुढची प्रत्येक गाडी लालच वाटत होती.

तिला त्या पोरीचं चालणं आठवत होतं. गोल मारल्यावर ती धावत मध्यावर आली नव्हती. चालत आली होती, आणि येताना एकदा थांबून दोन्ही गोलांकडं आळीपाळीनं बघत उभी राहिली होती, कुठल्या बाजूला आपला संघ हे ठरवत असल्यासारखी. ते निशिगंधानं पाहिलं होतं. पाहून वहीत लिहिलं होतं, 'शांत डोकं.'

हातकणंगल्याच्या स्टँडवर कुरुंदवाडची गाडी निघण्याच्या बेतात होती. ड्रायव्हरनं चावी फिरवलेली. निशिगंधानं स्कूटी थेट गाडीच्या तोंडापुढं घातली.

"ओ बाई! काय चाललंय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. ती उत्तर न देता मागच्या दारानं चढली.

पवित्रा चौथ्या बाकावर खिडकीला डोकं टेकून झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती. मांडीवरचा फोन थरथरत होता, शिवांजलीचं नाव दिसत होतं. शेजारी नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली होती.

"मगाधरनं झोपलीया बया," म्हातारी म्हणाली. "तिकीट काढलं, उलटी केली आन् झोपली. मी म्हनलं दमलीया, झोपू दे."

निशिगंधानं तिला हलवलं. गालावर थापट्या मारल्या. मोठ्यानं हाक मारली. पवित्राच्या पापण्या अर्ध्या उघडल्या. तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली मोठी, काळी, पसरलेली होती, उजव्याची लहानशी.

"अव्वा," पवित्रा पुटपुटली, "नीरु..."

"पानी मागतीया आईकडं," म्हातारी म्हणाली. तिला कानडी येत होतं. "तुमी आई हाय काय हिची?"

"तिला पाणी देऊ नका," निशिगंधा कशीबशी म्हणाली. "डोक्यात रक्तस्राव असंल. गाडी... कुणी गाडी देतंय का?"

ड्रायव्हर आता मागं येऊन उभा राहिला होता. पन्नाशीचा, जाड भुवयांचा. छातीवरच्या पट्टीवर आकाराम असं नाव होतं. त्यानं पोरीच्या तोंडाकडं एकदाच पाहिलं.

"ॲम्ब्युलन्स यायला अर्धा तास लागंल," तो म्हणाला. "इचलकरंजीला मोठा दवाखाना हाय. बसा, गाडी फिरवतो." मग प्रवाशांकडं वळून मोठ्यानं, "ज्याला घाई असंल त्यानं हितंच उतरावं!"

कुणीच उतरलं नाही. मागून एकजण ओरडला, "हान की गाडी, इचारतोस काय!"

चाळीस माणसांनी भरलेली एस्टी हॉर्न दाबून धरत इचलकरंजीकडं सुटली. कंडक्टरनं निघताना स्कूटी बाजूला ढकलली होती, आता तो दारात लोंबकळून पुढच्यांना बाजूला हो म्हणत होता. निशिगंधानं पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. खड्डा आला की ती स्वतः उचलली जायची, पण हात तसेच ठेवायची. अर्ध्या वाटेत पवित्राचा उजवा हात सैल झाला आणि बाकावरून खाली लोंबू लागला. श्वास घोरल्यासारखा येत होता आणि मधेच थांबत होता. थांबला की म्हातारी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायची.

दवाखान्यात डॉक्टरनं एकच प्रश्न विचारला. "कधी लागलं?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सात वाजायला आले होते. तो स्ट्रेचर ढकलत ऑपरेशन थिएटरकडं पळाला.

कवटीच्या आत साचलेलं रक्त काढायला तीन तास लागले. पवित्रा वाचली. पाचव्या दिवशी तिनं बापाला ओळखलं. उजवा हात मात्र उचलला जात नव्हता, आणि शब्द शोधायला तिला वेळ लागत होता.

त्याच दिवशी विजयसिंह दादांनी निशिगंधाला बोलावून घेतलं. टेबलावर कोरा कागद होता.

"दोन ओळी लिवा. पोरगी मैदानावरनं धडधाकट गेली, एस्टीत पडली. तुमचंबी भलं, संस्थेचंबी."

"ती पडली न्हाय, दादा. मी तिला पाठवली."

"मॅडम, तुमाला कळतंय काय बोलताय ते?"

"कळतंय."

तिनं दोन ओळींऐवजी तीन पानं लिहिली. किती वाजता गुडघा बसला, पोरीनं काय विचारलं, किती वेळा विचारलं, केरबा काय म्हणाला, आणि तो येण्याआधी, सगळं डोळ्यांनी बघूनही आपण यादीत तिचं नाव पहिलं घातलं, तेही. संघाचं नाव स्पर्धेतून काढलं गेलं. महिन्याअखेर निशिगंधाचं कामही गेलं. त्याची खंत तिला वाटेल असं वाटलं होतं तेवढी वाटली नाही.

एप्रिलमध्ये ती पवित्राच्या गावी गेली. बाप चन्नाप्पा गोठ्यात म्हशीची धार काढत होता. त्यानं मान वर केली, पण उठला नाही.

"तुमी गाडीमागं आलासा म्हनून पोरगी हाय, असं डॉक्टर म्हनला," तो म्हणाला. "आन् तुमी लावून दिलासा म्हनून ती गाडीत हुती, असं तिची मैत्रीण म्हनली. दोनी खरं की."

"दोन्ही खरं," निशिगंधा म्हणाली.

तो पुन्हा धार काढू लागला. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आई शिवम्मानं आतून पाट आणून टाकला.

पवित्रा भिंतीला धरून बाहेर आली. डोक्यावर केस आखूड उगवले होते. ती निशिगंधासमोर बसली.

"मॅडम... मी... परत कधी?"

निशिगंधा वाटभर याच प्रश्नाची तयारी करत आली होती. बघू, आधी बरी हो, असं म्हणणं सोपं होतं. शिवम्मा दारात उभी राहून तेच म्हणा, असं डोळ्यांनी विनवत होती.

"नाही," निशिगंधा म्हणाली. "खेळता येणार नाही, पवित्रा. डोक्याला परत मार बसला तर वाचणार नाहीस. डॉक्टरांनी सांगितलंय."

पोरगी रडली नाही. डाव्या हातानं तिनं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली. ती पुन्हा मिटली. तिनं पुन्हा सरळ केली. गोठ्यात धारेचा आवाज थांबला होता.

आता पंचगंगेच्या बाजूला एका मोकळ्या रानात निशिगंधा रोज सकाळी सहा-सात पोरींना खेळवते. शिवांजली येते, पण गोलात उभी राहत नाही. चेंडू उंच उडाला आणि त्याच्याखाली दोन पोरी धावल्या, की दोघी एकमेकींपर्यंत पोचायच्या आधीच शिट्टी वाजते.

"मॅडम, अजून काय झालंच न्हाय की!" पोरी वैतागून ओरडतात.

निशिगंधा चेंडू खाली पडेपर्यंत शिट्टी तोंडातून काढत नाही.