अर्ध्यावर सोडणारे

माणसं मानसोपचार अर्ध्यावर का सोडतात, या एका प्रश्नावर मानसतज्ज्ञ साहेबांचं बरं चाललं होतं. पेशंटची कटकट केव्हाच सुटली होती. आता परिषदा, आलेख आणि गळ्यात ओळखपत्र. एके दुपारी मदतनीस बाई रजेवर गेल्या आणि उपचार सोडलेल्यांना फोन लावायची वेळ साहेबांवरच आली.

पहिलाच फोन एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उचलला.

"तुम्ही उपचार मध्येच का सोडलेत?" साहेबांनी खास पेशंटसाठी कमावलेल्या मऊ आवाजात विचारलं.

पलीकडे मशीन थांबलं. "मी कुठे सोडले? डॉक्टर म्हणाले, पुढच्या मंगळवारी तुमच्या आईबद्दल बोलू. गेले, तर खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, साहेब संशोधनात गेले. आवाज अगदी तुमच्यासारखा होता त्यांचा."

साहेबांसमोरच्या स्क्रीनवर त्यांनीच ठरवलेली कारणं होती: खर्च, अंतर, लाज, चिकाटीचा अभाव. आणखी एक घालायचं म्हणजे सगळी आकडेमोड नव्याने करा, आणि निबंध तर सोमवारी वाचायचा होता.

"मग आईबद्दल आता बोलायचं का?" बाईंनी विचारलं.

"त्यासाठी ओपीडीत नंबर लावा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी 'चिकाटीचा अभाव'वर टिक केली.