अणदूरविरुद्धचा गोल

"गोल व्हता," हैदर म्हणाला.

"न्हाय," बलभीमराव म्हणाले.

"अणदूरचा तो उंच गडी माझ्या पुढं व्हता. सगळ्या नळदुर्गानं बघितलं. तुमाला एकट्यालाच दिसलं न्हाय."

"न्हाय! न्हाय!"

बलभीमरावांनी डावा हात खाटेच्या काठावर आपटला. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ गळत होती, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. डोळे मात्र असे वटारलेले, की एखाद्याला वाटावं आता उठून हैदरचं बखोट धरतील. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लक्ष्मीवहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आजारी नवऱ्याशी परका माणूस तावातावानं भांडतो आणि बायको हसते, हे पाहून शेजारच्या नागूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि वाटीभर साखर मागायची विसरून त्या परत गेल्या.

पोळ्याच्या आसपास बलभीमरावांना लकवा मारला. सोलापूरच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं, आणि बोलणंही. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द शिल्लक राहिला, तो म्हणजे 'न्हाय'. पाणी हवं असलं तरी न्हाय, नको असलं तरी न्हाय. डॉक्टरांनी सांगितलं, समज पूर्ण शाबूत आहे, आतलं सगळं जागच्या जागी आहे, पण बाहेर येताना एवढंच येतं. हे ऐकून वहिनींना धीर यायच्या ऐवजी रडूच कोसळलं. ज्याला काही कळत नाही त्याचं बरं असतं, असं त्या पुढं हैदरला म्हणाल्या होत्या.

भेटायला येणारे यायचे. "काय बलभीमराव, बरं वाटतंय ना?" "न्हाय." येणारा बिचारा चहा घशाखाली ढकलून काढता पाय घ्यायचा. पुण्याहून मुलगा कृष्णराज फोन करायचा. "आबा, मी बोलतोय. वळखलं का?" बलभीमराव फोनकडं बघत बघत "न्हाय, न्हाय" म्हणायचे आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मग वहिनींनी फोन त्यांच्या कानाला लावणंच बंद केलं.

हैदर पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा त्यालाही काय बोलावं सुचेना. हायवेवर त्याचं ट्रकच्या टायरांचं पंक्चरचं दुकान. दिवसभर ड्रायव्हर लोकांशी हुज्जत घालण्यात त्याची जीभ कधी अडली नव्हती, पण खाटेवरचा तो वाकडा झालेला चेहरा बघून ती टाळूला चिकटली. शेवटी उठता उठता, केवळ सवयीनं, त्याच्या तोंडून निघून गेलं, "तरी बी सांगतो बलभीमराव, गोल व्हता."

"न्हाय," बलभीमराव म्हणाले.

दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बलभीमरावांना जे म्हणायचं होतं तेच तोंडून बाहेर पडलं होतं. हैदर पुन्हा खाली बसला, आणि त्या दिवसापासून रोज भांडायला येऊ लागला.

हे भांडण काही आजकालचं नव्हतं. पंचवीसएक वर्षं झाली असतील. सव्वीस जानेवारीच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, नळदुर्ग विरुद्ध अणदूर. अणदूर एका गोलनं पुढं. वेळ संपत आलेली असताना लांबून चेंडू आला, हैदरनं तो छातीवर घेतला आणि जाळीत घातला. अख्खं मैदान नाचायला लागलं. आणि शिट्टी वाजली. रेफ्री होते बलभीमराव; नळदुर्गचेच, किल्ल्याच्या अलीकडच्या गल्लीत राहणारे. त्यांनी हात वर केला. ऑफसाइड. म्हणजे चेंडू मारला गेला त्या क्षणी हैदर अणदूरच्या शेवटच्या गड्याच्या पुढं गेलेला होता, म्हणून गोल धरायचा नाही.

आपल्याच गावच्या माणसानं आपल्याच गावाचा गळा कापला म्हणून लोक खवळले. चपला भिरकावल्या गेल्या. बलभीमराव ना पळाले ना लपले. शिट्टी खिशात घालून, रस्त्याच्या मधून चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हैदर त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. चार शिव्या हासडायच्या आणि जमलं तर एक ठेवून द्यायची, असा बेत होता. बलभीमरावांनी त्याला आत घेतलं, चहा मागवला, आणि चहा झाल्यावर रिकामे पेले जमिनीवर मांडले. "ह्यो तू. ह्यो अणदूरचा गडी. आता सांग." हैदरनं आपला पेला मागं सरकवला. बलभीमरावांनी तो पुढं सरकवला. दुपार होईतो हेच चाललं. वहिनींना जेवायला वाढायला पेले उचलावे लागले, म्हणून त्या दिवशीपुरता वाद थांबला.

पुढं तो वाद स्टँडासमोरच्या भीमाशंकरच्या हॉटेलात रोज बसायला लागला. तिथं तिसरा गडी समद, टेम्पोवाला. काल टीव्हीवर झालेल्या मॅचपासून सुरुवात व्हायची. कुणाला लाल कार्ड द्यायला पाहिजे होतं, कोण नुसता पगार खातो, कोण वारं लागलं तरी आडवा पडतो. हैदर अर्जेंटिनाचा, बलभीमराव ब्राझीलचे. "हातानं गोल मारून कप नेणाऱ्यांनी आमाला न्याय शिकवू नये," बलभीमराव म्हणायचे. "त्या रेफ्रीनं तरी तो गोल धरला," हैदर म्हणायचा, "तुमी तर पायानं मारलेला धरला न्हाय." की झालं, गाडी पुन्हा अणदूरवर. भीमाशंकर गल्ल्यावरून ओरडायचा, "अरे, तेवढं सोडून दुसरं बोला की!" टीव्हीवर रेघा मारून ऑफसाइड बघायला लागले तेव्हा हैदरला चेवच चढला. "ही मशीन तवा असती तर तुमची पोल उघडी पडली असती." बलभीमराव शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "मशिनीनंच बघायचं तर रेफ्री कशाला? बुजगावणं उभं करा मैदानात."

खरं सांगायचं तर हैदरला आता त्या क्षणाचं काहीच आठवत नव्हतं. तो पुढं होता की मागं, देव जाणे. आठवायचे ते बलभीमरावांचे पेले, त्यांचं हसणं, आणि हरायला आलं की मुद्दाम मिशीला पीळ देणं.

"बीमार आदमी से काय कू झगडते जी तुम?" घरी बायको गुलबानो विचारायची. "लोक क्या बोलेंगे?"

"लोकांना बोलू दे," हैदर म्हणायचा. "मी न्हाय भांडलो तर तो मुका हाय."

थंडी पडायला लागली त्या सुमाराची गोष्ट. हैदर दुपारी गेला तेव्हा घरात वेगळाच गोंधळ होता. वहिनी चादर ओढून काढत होत्या आणि रडत होत्या. "म्या इचारलं हो, लागलीय का? न्हाय म्हनले. मला वाटलं खरंच न्हाय. म्या भाकरी टाकायला गेले..." बलभीमराव ओल्या गादीवर डोळे मिटून पडले होते. खाकी कपड्याला रोज इस्त्री करणारा माणूस. ड्युटीवर जाताना बूट पुसायला खिशात वेगळं फडकं ठेवणारा माणूस. हैदरनं त्यांना काखेत हात घालून उचललं, लुंगी बदलली, अंग पुसलं, कोरड्या सतरंजीवर निजवलं. ते किती हलके झाले होते हे त्याच्या हातांना कळलं.

वहिनी धुणं घेऊन मागं गेल्या. हैदर खाटेशेजारी बसला. त्या दिवशी त्याला भांडणं जड झालं. ह्या माणसाला आपण काय देऊ शकतो, असा विचार करता करता त्याला वाटलं, एकच गोष्ट आहे आपल्याजवळ. इतकी वर्षं ती आपण मुठीत दाबून धरली. आता नाही द्यायची तर कधी द्यायची?

"बलभीमराव," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ऑफसाइडच व्हता म्या. तुमचंच बरोबर व्हतं."

बलभीमरावांनी डोळे उघडले. क्षणभर तो चेहरा असा उजळला, की वाकडं तोंडसुद्धा सरळ झाल्यासारखं वाटलं. ते काहीतरी म्हणायला गेले. ओठ हलले, मान पुढं आली.

"न्हाय," ते म्हणाले.

आणि आपण काय म्हणालो ते त्यांनी ऐकलं. डोळे विस्फारले. त्यांनी पुन्हा जोर केला, गळ्याच्या शिरा फुगल्या. "न्हाय... न्... न्हाय! न्हाय!" ज्या निर्णयासाठी गावाच्या चपला खाल्ल्या, पंचवीस वर्षं मागं हटले नाहीत, तो निर्णय खरा ठरला त्याच घडीला त्यांच्याच तोंडानं तो नाकारला. डाव्या हातानं ते आपल्याच तोंडावर मारू लागले. हैदरनं तो हात घट्ट धरला. "कळलं मला, बलभीमराव, कळलं. व्हय म्हणायचंय तुमाला. कळलं की." पण ते ऐकत नव्हते. लहान पोरासारखे हमसून हमसून रडले, आणि मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी हैदर दुकान उघडायच्याही आधी आला. लक्ष्मीवहिनी उंबऱ्यातच भेटल्या. रात्रभर झोप नसावी.

"हैदरभाऊ, काल काय बोललात तुमी?"

त्यानं सांगितलं.

"तुमी हरायला नको व्हतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कालपासनं तोंड उघडलं न्हाय. ह्यांना वाटलं असंल, आता आपलं काय खरं न्हाय, म्हनून तर हैदर हरला."

हैदर आत गेला आणि उसनं अवसान आणून सुरू झाला. "ओ कंडक्टर, काल म्या चेष्टा केली. ऑफसाइड बिफसाइड काय नव्हतं. तुमच्या शिट्टीनं आमचा कप घालवला. गोल व्हता!" बलभीमरावांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रागावले असते तर हैदरनं पेढे वाटले असते.

तो रोज येत राहिला. गोलावरून ब्राझीलवर गेला, ब्राझीलच्या साऱ्या खेळाडूंचा उद्धार केला, एसटीला नावं ठेवली. एके दिवशी चहाचे पेले मांडून आपला पेला चांगला हातभर मागं ठेवला, इतकी उघड लबाडी केली की मेलेल्या माणसानंही उठून भांडावं. बलभीमरावांनी पापणी मिटली आणि उघडली. जो एक शब्द उरला होता, तोही त्यांनी टाकून दिला होता. हॉटेलात समद मुद्दाम अर्जेंटिनाला शिव्या घालून बघायचा. हैदर चहा पिऊन उठून जायचा.

संक्रांतीच्या आधी बलभीमरावांना दुसरा झटका आला आणि ते पहाटेच गेले.

कृष्णराज पुण्याहून आला. दुपारी माती झाली. हैदरनं खांदा दिला, समदनं दिला, भीमाशंकर हॉटेल बंद ठेवून आला. अग्नी दिल्यावर रिवाजाप्रमाणं लोक झाडाखाली बसले आणि एकेकजण दोन शब्द बोलायला उभा राहिला. एसटीतले जुने सोबती बोलले. एक नगरसेवक बोलले. बलभीमरावांशी ते जिवंतपणी किती बोलले होते कोण जाणे, पण इथं त्यांना आवरता आवरेना. "फुटबॉलच्या मैदानात असो की आयुष्याच्या," ते म्हणाले, "बलभीमरावांनी एकही निर्णय चुकीचा दिला नाही."

बसलेल्या लोकांच्या माना हळूच हैदरकडं वळल्या. कुणीतरी म्हणालं, "हैदरभाई, तुमी बोला."

हैदर उठला. डोक्यावरचा रुमाल त्यानं नीट केला. बोलायला म्हणून तोंड उघडलं, पण बलभीमराव किती चांगले होते, किती सचोटीचे होते, हे काही त्याच्या तोंडून निघेना. त्यानं चितेकडं तोंड केलं.

"गोल व्हता," तो मोठ्यानं म्हणाला.

लोकांत चुळबुळ झाली. नगरसेवकांनी कपाळाला आठ्या घातल्या. हैदर तसाच उभा राहिला, मान किंचित पुढं काढून, पलीकडून काही ऐकू येतंय का ते बघत असल्यागत. लाकडं तडतडत होती.

समदनं खालून त्याचा सदरा ओढला. "हैदरभाई, आज तरी सोडा की."

हैदरनं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. डोळे भरून आले होते.

"आरं, कुणीतरी न्हाय म्हना की," तो म्हणाला.

कृष्णराज खाली मान घालून बसला होता. थोडा वेळ वाट बघून हैदर समदच्या शेजारी खाली बसला, आणि मग पुढचा माणूस बोलायला उठला.